कंपनीच्या खर्चानं पंचतारांकित : एका रात्रीचं मार्गदर्शन

पंचतारांकित हॉटेलात आपण राहत नसतो, कंपनी राहत असते. आपण फक्त तिच्या वतीनं अंघोळ करतो, झोपतो आणि बिलावर सही करतो. एवढं पक्कं ध्यानात ठेवलं की पुढचं मार्गदर्शन समजायला सोपं जाईल. प्रस्तुत लेखक नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात विक्री विभागात आहे. गिऱ्हाइकांच्या मीटिंगपायी मुंबईच्या मोठ्या हॉटेलांत त्यानं आजवर एकूण चार रात्री काढल्या आहेत. चार म्हणजे कमी वाटत असतील, तर त्या चार रात्रींच्या व्हाउचरांची जाडी येऊन बघावी.

हॉटेलला तारे देते ती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची समिती, आणि तेही पाच वर्षांपुरते. अकाउंट्स विभाग तारे बघत नाही, टक्के बघतो. खोलीचं रोजचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के. त्यावर एक रुपया चढला की थेट १८. म्हणजे ७,५०० च्या खोलीवर कर ३७५ रुपये आणि ७,५०१ च्या खोलीवर १,३५०. या देशात यापेक्षा महागडा रुपया लेखकाच्या पाहण्यात नाही. तेव्हा बॅग भरायच्या आधी कंपनीचा २७ नं सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी नंबर पाठ करावा. रामरक्षा येत नसेल तरी चालेल, हा आला पाहिजे. काउंटरवर पोचताक्षणी तो सांगावा आणि बिल कंपनीच्या नावानंच हवं असं दोनदा बजावावं. मुक्काम मुंबईत असेल तर या कराची वजावट कंपनीला मिळते. बंगळूरला असेल तर तिथला कर तिथंच राहतो, आणि तो जणू तुम्हीच खाऊन आलात अशा नजरेनं अकाउंट्सवाले पुढं आठवडाभर बघतात.

आता प्रत्यक्ष आगमन. पंचवटी एक्स्प्रेसनं निघालं की अकराच्या सुमारास माणूस मुंबईत उतरतो. खोली मिळते दुपारी दोनला. मधले तीन तास लॉबीत काढायचे असतात, आणि या मुक्कामातला सगळ्यात अवघड भाग हाच. तिथले सोफे इतके खोल असतात की एकदा बसलं की गुडघे हनुवटीला टेकतात. बसायला पैसे पडत नाहीत, पण बसल्याबरोबर मेन्यूकार्ड येतं. ते हसून परत करावं आणि "मी जरा वाट बघतोय" एवढंच म्हणावं. यात खोटं काहीच नाही. आपण आपल्याच खोलीची वाट बघत असतो.

घरून दिलेल्या डब्याबद्दल स्वतंत्र सूचना. २६ नोव्हेंबर २००८ नंतर मुंबईच्या मोठ्या हॉटेलांच्या दारातच सामान क्ष-किरण यंत्रातून जातं. स्टीलचा डबा पडद्यावर काळाकुट्ट गोळा दिसतो. सुरक्षारक्षक विचारतो, "सर, ये क्या है?" मागं सूटबुटातली माणसं खोळंबलेली असतात. अशा वेळी शरमून "पर्सनल आयटम" वगैरे पुटपुटू नये, त्यानं संशय वाढतो. मान ताठ ठेवून सांगावं : दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. लेखकानं तसं सांगितल्यावर त्या रक्षकानं डबा दोन्ही हातांनी परत दिला होता.

सामान खोलीत आणणाऱ्या मुलाशी आपण इंग्रजीत बोलतो, तो आपल्याशी इंग्रजीत बोलतो, आणि लिफ्टमध्ये सातव्या मजल्यापर्यंत दोघांचंही व्याकरण संपतं. मग त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचावं. "कुठले तुम्ही?" "लांज्याचा, सर." इथून पुढं मुक्काम खऱ्या अर्थानं सुरू होतो. गरम पाणी कुठल्या बाजूनं येतं, हॉटेलच्या मागच्या गल्लीत वडापाव कुणाचा चांगला, कर्मचारी स्वतः चहा कुठं पितात, ही माहिती कुठल्याही छापील पुस्तिकेत नसते. टिप द्यायची ती इथं द्यावी. तिची पावती मिळत नाही. मुक्कामात स्वतःच्या खिशातून गेलेला तेवढा एकच पैसा पुढं छातीला डाचत नाही.

खोलीत शिरल्यावर दिवे लागत नाहीत म्हणून खाली फोन करू नये. दाराजवळच्या खाचेत कार्ड सरकवायचं असतं. तसं केलं की चौदा दिवे, एसी आणि टीव्ही एकदम सुरू होतात, आणि टीव्ही आपलं नाव घेऊन स्वागत करतो. नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं. झोपताना तेराच दिवे विझतात. चौदावा कुठून बंद होतो ते चौथ्या रात्रीही कळलेलं नाही. तो टॉवेलनं झाकून झोपावं.

न्हाणीघराला भिंतीच्या जागी काच असते. एकट्या माणसाच्या खोलीत ही काच कुणासाठी, हा विचार करत बसू नये. पडद्याचं बटण शोधावं. नळाला तीन चकत्या असतात. पहिली फिरवली की डोक्यावरून गार पाणी पडतं, आणि हे नेहमी पूर्ण कपड्यांत असतानाच घडतं. बादली आणि तांब्या नसतो, पण हाउसकीपिंगला फोन केला की बादली-मग येतो. मागायला लाजू नये. आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून दिसतं की आजची ही काही पहिली बादली नव्हे.

मिनीबार म्हणजे काजूच्या मुठीएवढ्या डब्याला किलोचा भाव. काही हॉटेलांत वस्तू नुसती उचलली तरी यंत्रात नोंद होते, म्हणून किंमत वाचायचीच असेल तर वाकून, हात पाठीमागं बांधून वाचावी. कपडे धुण्याचा दरफलक मात्र जरूर वाचावा. तो वाचल्यावर मळका शर्ट उलटा करून घालण्याचं बळ येतं.

घरी काय न्यावं, यावर घरोघरी मतभेद आहेत. साबण, कंगवा, दाढीचं सामान आणि कागदी सपाता आपल्या. टॉवेल, झगा आणि केस वाळवायचं यंत्र त्यांचं. हँगरला आकडाच नसतो, त्यामुळं तो प्रश्न हॉटेलनंच मिटवला आहे. शाम्पूच्या इवल्या बाटल्या आता कमी झाल्या. भिंतीला मोठी बाटली ठोकलेली असते, आणि ही बातमी घरी फोनवर हळूच द्यावी लागते. अंघोळीची प्लास्टिकची टोपी मात्र विसरू नये. भिजवलेल्या कणकेच्या भांड्यावर ती जशी बसते तशी जगातली कुठलीही झाकणी बसत नाही.

रात्रीचं जेवण खोलीत, डब्यातलं. बाहेर गिऱ्हाइकाबरोबर जेवावंच लागलं तर बिलातला सेवाशुल्काचा आकडा बघावा. तो आपोआप लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये दिले आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. म्हणजे कायदा आपल्या बाजूनं आहे. मोठं गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना वेटरला ते ऐकवण्याची छाती तेवढी ज्याची त्यानं आणावी.

पलंगावरची चादर गादीखाली इतकी घट्ट खोचलेली असते की माणूस पाकिटात पत्र सरकावं तसा आत सरकतो. ती चारी बाजूंनी उपसावी. सकाळी पुन्हा खोचून ठेवू नये. ही सवय लेखकाला अजून सुटलेली नाही.

नाश्ता खोलीच्या भाड्यात धरलेला असतो आणि मीटिंग साडेनऊची असते. हातात बारा मिनिटं असतात. अनुभवी माणूस आधी रिकाम्या ताटलीनं पूर्ण फेरी मारतो : सात प्रकारची चीज, चार प्रकारचे पाव, काचेच्या छोट्या पेल्यात चमचाभर मिसळ. फेरी संपेपर्यंत नऊ मिनिटं गेलेली असतात. मग तो मुकाट्यानं पोहे घेतो आणि काट्यानं खातो. भाड्यात नाश्ता असला की कंपनी त्या दिवसाच्या भत्त्यातून नाश्त्याचे पैसे कापते, हे पोहे खाताना आठवू नये.

खोली सोडायची वेळ दुपारी बारा. बिल तिथंच उभं राहून ओळ न् ओळ वाचावं : नाव, नंबर, तारीख, आणि न उघडलेला मिनीबार. पुढं टॅक्सीची पावती, चहाची पावती, सगळं तारखेनुसार ए-फोर कागदावर चिकटवावं. डिंक बेतानंच लावावा, फार लावला तर रकमा पुसतात. मार्चमधल्या मुक्कामातली चहाची एक पावती अशीच गेली आणि लेखकाचं अख्खं व्हाउचर तेव्हापासून अकाउंट्सच्या ट्रेमध्ये पडून आहे. वाचकांपैकी कुणाचं अंबडला आमच्या दुसऱ्या मजल्यावर जाणं झालं, तर खालून तिसरी निळी फाइल आहे. तेवढी वर काढून ठेवा.