मुख्यालयी राहाल का?

‘थेट मुलाखत. पद : वैद्यकीय अधिकारी, कंत्राटी. ठिकाण : जिल्ह्यातील रिक्त जागी. अंतिम तारीख : पदे भरेपर्यंत.’

अशी जाहिरात आमच्याकडं बारा महिने चालते. तिच्यातला सगळ्यात हुशार शब्द म्हणजे ‘रिक्त जागी’. आमच्या एटापल्ली तालुक्याचं नाव जाहिरातीत घालत नाहीत. सांगून आलेल्या स्थळात मुलाचं खरं वय पोहे खाऊन झाल्यावर कळतं, तसं हे नाव मुलाखत अर्ध्यावर आली की कळतं.

उमेदवार पुण्याकडचा. नागपूरपर्यंत रेल्वेनं, पुढं एस.टी.नं गडचिरोलीला पोचतो. बसमधून उतरताना त्याला वाटतं, आपण शेवटाला आलो. गडचिरोली ही सुरुवात आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. तिथून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि मग एटापल्ली. त्याच्याही पुढं माणसं राहतात. त्यांना ताप येतो, बायका बाळंत होतात. पण हे सगळं जाहिरातीत कुठं मावायचं?

“या जिल्ह्यात का यावंसं वाटलं?” समितीचा पहिला प्रश्न.

उत्तर पाठ असतं. हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, आमटे दांपत्यानं तिथं आयुष्य काढलं, अभय आणि राणी बंग यांनी १९८६ पासून गडचिरोलीत ‘सर्च’ उभी केली, वगैरे. समितीतले लोक माना डोलावतात. त्यांनाही हे पाठ आहे. त्याच थोरांच्या पावलावर पाऊल टाकायचं आहे असं उमेदवार सांगतो. सोमवार ते शुक्रवार टाकायचं आहे, हे तो मनात म्हणतो.

“छान. जांबिया गट्टा माहीत आहे?”

“गट्टा म्हणजे... सिमेंटचा?”

“गाव आहे. एटापल्ली तालुक्यात. नाहीतर कसनसूर घ्या. तीही जागा रिकामी आहे.”

“कसनसूर पेपरात वाचलंय, चकमकीच्या बातमीत,” उमेदवार म्हणतो. आणि जे वाचलंय ते आठवून पाणी मागतो.

ही नोकरी आपल्याला नको आहे हे त्याला या घोटाला कळतं. मग जे होतं ते बघण्यासारखं असतं. मुलाखत उलटी फिरते. तो विचारायला लागतो आणि समिती खुर्चीत सावरून बसते.

“क्वार्टर आहे?”

“आहे. दुरुस्ती मंजूर आहे.”

“नेटवर्क?”

“टेकाडावर चांगलं येतं.”

“पावसाळ्यात रस्ता?”

“पाऊस उघडला की असतो.”

“मलेरिया?”

“तो आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं.”

समितीचा जीव टांगणीला लागलेला. जागा भरली नाही तर वरून विचारणा होते. शेवटी भत्त्याचा पत्ता काढतात. पोरगं टिकलं, पुढंमागं कायम झालं, तर मिळेल असा भत्ता. २००२ सालच्या शासन निर्णयानं नक्षलग्रस्त भागातल्या कर्मचाऱ्यांना एकस्तर वेतनश्रेणी आणि मूळ पगाराच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता दिला. कमाल मर्यादा दीड हजार रुपये. म्हणजे घाबरायला सरकारची ना नव्हती, पण महिन्याला दीड हजारांच्या वर घाबरायचं नाही.

“घरी विचारून कळवतो,” उमेदवार म्हणतो. ‘नको’ हा शब्द अख्ख्या मुलाखतीत कोणी उच्चारत नाही. तो उच्चारायची आपल्या राज्यात पद्धत नाही. हा कंत्राटी होता म्हणून पहिल्या बसनं परत गेला. कायम नोकरीतल्या माणसाला तेवढं स्वातंत्र्य नसतं, त्याला ‘नको’ म्हणायला आधी रुजू व्हावं लागतं. मग वैद्यकीय रजा. मग आईचं आजारपण. आमच्या तालुक्याच्या नावानं महाराष्ट्रातल्या जितक्या आया आजारी पडल्या असतील, तितक्या साथीत पडल्या नसतील. आणि या सगळ्यावर उतारा म्हणजे प्रतिनियुक्ती. नोकरी एटापल्लीत, खुर्ची गडचिरोलीत, बिऱ्हाड नागपुरात. तिन्ही ठिकाणी एकच माणूस, आणि तिन्ही ठिकाणी तो आत्ताच बाहेर गेलेला असतो.

यावर सरकारनं तोडगा काढला. मुख्यालयी राहतो असा ग्रामसभेचा ठराव जोडा, मग घरभाडे भत्ता घ्या. आता ग्रामसभेसमोर पेच असा, की खरं लिहावं तर मास्तर रुसतो आणि उद्या येतच नाही. खोटं लिहिलं तर निदान आठवड्यातून दोनदा येतो. गाव हिशेबाला पक्कं आहे. ठराव सर्वानुमते मंजूर होतो.

एक कबूल केलं पाहिजे, सगळेच असे नसतात. आर. आर. पाटलांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं होतं. जे पद गळ्यात पडू नये म्हणून लोक देव पाण्यात ठेवत, ते. २०२५ च्या जानेवारीपासून तर खुद्द मुख्यमंत्रीच पालक आहेत. त्याच वर्षी १ जानेवारीला गट्टा, गर्देवाडा, वांगेतुरी या रस्त्यानं स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एस.टी. धावली. म्हणजे रस्त्याची सबब गेली. उमेदवारांनी आता नवी शोधावी, आम्ही नेटवर्कचं सुचवतो.

तरीही अधिकाऱ्याला दम भरायचा तर मुंबईत वाक्य एकच : गडचिरोलीला पाठवीन. ही शिक्षा आम्ही जन्मापासून भोगतोय, आणि गुन्हा काय ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

इथून जाणाऱ्यांना मात्र अडचण नाही. सुरजागडच्या लोहखनिजाला मुलाखत लागली नाही, ठराव लागला नाही म्हणावं तर तोही वाद जुनाच आहे. २००७ साली ३४८ हेक्टरचा खाणपट्टा झाला. २०२३ साली वर्षाला ३० लाख टनांची मर्यादा १ कोटी टनांवर गेली. डॉक्टरची एटापल्लीला बदली होता होत नाही, दगडाची एटापल्लीहून बदली रात्रंदिवस चालू आहे.

आता दुसरी मुलाखत. ही गडचिरोलीत नाही, पत्र्याच्या खोलीत. पहारेकऱ्यांची भरती, घेणारा ठेकेदाराचा माणूस. कुठल्या गेटावर ते विचारू नका, तालुक्यात हल्ली गेटं वाढली आहेत. उमेदवार माडिया, डी.एड. झालेला. त्याची कहाणी थोडक्यात अशी : राज्यपालांनी २०१४ साली अधिसूचना काढून अनुसूचित क्षेत्रातली शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशा संवर्गांची पदं स्थानिक आदिवासींसाठी राखली. पदं १७ संवर्गांतली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आंदोलनं झाली, तेव्हा २०२४ साली मानधनावर नेमणुका द्यायचं ठरलं. याचा नंबर त्यातही लागला नाही. जिथं मास्तर रात्री राहत नाही त्या गावात हा रोज रात्री राहतो. पण ती पात्रता धरत नाहीत.

“अनुभव?”

“ढोरं राखली आहेत.”

“जंगलात रात्री भीती वाटते?”

पोरगं हसलं. जंगलात त्याचं घर आहे. भीतीच्या भत्त्याचं त्याला कोणी बोललं नाही.

“बरं. गेटातून पासशिवाय कोणी आत आलं तर काय करशील?”

“कोण येणार?”

“बाया येतात. सरपणाला, मोहाला, तेंदूला.”

“त्या तर आमच्याच गावच्या. त्यात माझी आई असते.”

“म्हणूनच तर गावचा माणूस पाहिजे. तुझं ऐकतील.”

ही नोकरी आपल्याला नको आहे हे इथं त्यालाही कळलं. पण पुण्याच्या डॉक्टरसारखं घरी विचारून कळवतो म्हणायची सोय नव्हती. घरचं उत्तर त्याला ठाऊक होतं, किराण्याची उधारीही ठाऊक होती. त्यानं जरा विचार केला.

“साहेब, पास कोणाले भेटते?”

“कामावर असलेल्यांना.”

“मंग माझ्या आईलेपण घ्या कामावर.”

साहेब मोठ्यानं हसले. पोरात विनोदबुद्धी आहे म्हणाले, गणवेशाचं माप घ्यायला सांगितलं, आणि अर्जाच्या शेवटच्या रकान्यात लिहून टाकलं : उमेदवार इच्छुक.