खापरपणजोबांचं लग्न शोधण्याची सोपी पद्धत

आधी पूर्वज निवडा. हिंगोली जिल्ह्यातले असाल तर पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेलेला निवडा. तसला एखादा बहुतेक भावक्यांत निघतो. त्याचं नाव नागोराव किंवा नामदेव असणार, कारण एकीकडे औंढा नागनाथ, दुसरीकडे नर्सी. एकाच गावात असे पाच-सहा निघाले तर सगळे आपलेच समजावेत.

मग साल. घरचे आकडा सांगत नाहीत, ‘मानमोडीच्या वर्षी’ म्हणतात. म्हणजे 1918. निजामाच्या कागदावर मात्र फसली साल असतं. त्यात 590 मिळवा. वर्ष ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून जानेवारीपासूनच्या महिन्यांना 591. त्या वैशाखातलं लग्न फसली 1327चं. मिळवायला विसरलात, तर नवरदेव थेट तुघलकाच्या दौलताबादेत.

आता तहसील. अर्ज, कोर्ट फी तिकीट आणि उर्दू किंवा मोडी वाचणारा माणूस न्यावा. 2023मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली, कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून या माणसाला मराठवाड्यात जावयाचा मान आहे. खासरा पत्रकात शेत सापडेल, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलगा, जन्म-मृत्यूच्या वहीत मरण. लग्न नाही. सरकारला सारा हवा होता, सून नको होती. उलट कंपनीच्या राज्यात एखाद्या आयरिश सार्जंटानं चर्चमध्ये लग्न केलं, की नोंदीची नक्कल लंडनला जाई. तसल्या नकला आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती, तेव्हा साहेबाचा खापरपणतू आपल्याआधी काम उरकून घरी जेवायला गेलेला असेल.

निराश झालात की त्र्यंबकेश्वर. गाव आणि आडनाव सांगितलं की उपाध्ये वंशावळीची नेमकी वही काढतात. बोट फिरवत पणजोबा, त्यांचे भाऊ, मुलं वाचून दाखवतात. बायकोचं नावही असतं. पण ते सासरचं, म्हणजे परातीतल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं. माहेरी ती कोण होती, कुठल्या गावची, याचा बहुधा पत्ता नसतो. वंशावळीचं कौतुक सांगणाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारतो, आणि ते पाणी प्यायला उठतात.

म्हणून शेवटी जायचं ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या आजीकडे. (खरं तर आधीच जायचं, पण मग आमच्या मार्गदर्शनाचं काय?) ‘लग्न कधी झालं?’ असं विचारू नये, उत्तर ‘मला काय ठावं’ असं येतं. ‘आजे, तुझ्या आजेसासूच्या लग्नात मानपान नीट झाला होता का गं?’ असं विचारावं आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवावं. तेव्हा पैनगंगेपल्याड इंग्रजी कलदार रुपया चाले, अलीकडे निजामाचा हाली, आणि हालीला भाव कमी. हुंडा कलदारात कबूल करून हालीत मोजला, असं काहीतरी निघतंच. कोणी मोजला, कोणत्या मांडवात, मामा का रुसला, हे ती ओळीनं सांगेल. मध्येच ‘वर्ष कोणतं?’ म्हणून तोडू नका. व्याह्याच्या गावाचं नाव शिवीसकट येऊ द्या.