आजोबा, आपण कुठल्या राज्यात आहोत?

सीमाभागातल्या माणसाला संमेलनाचं वेड जरा जास्तच. गांधीजी आयुष्यात एकदाच काँग्रेसचे अध्यक्ष झाले, ते १९२४ साली बेळगावच्या अधिवेशनात. तेव्हा पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत अजून आहे. १९४६ साली माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली बेळगावात साहित्य संमेलन भरलं आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला तोही तिथंच. आता तर कडोली, उचगाव, येळ्ळूर अशी गावंसुद्धा आपापलं साहित्य संमेलन भरवतात. ग्रंथदिंडी, लेझीम, भाषणं, जेवण आणि शेवटी ठराव. ठराव झाल्याशिवाय मांडव सोडायचा नाही, हा इकडचा रिवाज.

माझी भाची बेळगावात मेंदूविकारांची डॉक्टर आहे. येत्या वार्षिक परिषदेची तयारी चाललीय असं ती म्हणाली, तेव्हा मी सवयीनं विचारलं, "यंदा ठराव कुठले?"

"मामा, तिथं ठराव नसतात हो. पेपर वाचतात, पोस्टर लावतात."

"पोस्टर तर आमच्याकडंही लावतात. त्यावर फोटो कुणाचे?"

"मेंदूचे."

मी गप्प बसलो. आमच्या चौकातल्या फ्लेक्सवर तेवढा एक अवयव अजून आलेला नाही.

ही परिषद इंडियन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीची. संस्था १९९२ सालची. त्याआधी, १९५१ सालापासून, न्यूरॉलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया होतीच. पुढं मेंदूवर शस्त्रक्रिया न करता औषधोपचार करणाऱ्यांनी आपली वेगळी चूल मांडली. दर वर्षी परिषद कुठल्या तरी शहरात भरते, देशभरातून डॉक्टर येतात. भाची सांगते, तिथं बोलायला मिनिटं मोजून मिळतात आणि वेळ संपली की थांबावं लागतं. एवढी एक गोष्ट आमच्या उद्घाटकांनी उचलली तरी श्रोत्यांना वरणभात गरम मिळेल.

पण माझ्यासारख्या निपाणीच्या माणसाला ठरावाशिवाय परिषद म्हणजे काय, हे कळणं अवघड. तेव्हा मी आपले तीन ठराव लिहून भाचीच्या हवाली केलेत.

ठराव पहिला. विसराळूपणा तपासायची डॉक्टरांची एक जुनी परीक्षा आहे. १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली, तीस मार्कांची. 'मिनी मेंटल' म्हणतात तिला. आज वार कुठला, शंभरातून सात वजा करत चला, तीन शब्द लक्षात ठेवून मागाहून सांगा, असले प्रश्न. त्यातलाच एक मार्काचा प्रश्न: आपण कुठल्या राज्यात आहोत? पुण्यात किंवा म्हैसूरला हा मार्क फुकटचा. निपाणीत मात्र याच प्रश्नावर आयोग बसून गेलाय.

आमच्या गल्लीतल्या, ऐंशी ओलांडलेल्या आप्पांना भाचीकडं नेलं होतं. तिनं विचारलं, "आजोबा, आपण आता कुठल्या राज्यात आहोत?"

आप्पांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत चढवला.

"कुणाच्या मते?"

भाची हसली. तिनं प्रश्न पुन्हा विचारला.

"पोरी, तारीख विचार, वार विचार. हे मॅटर कोर्टात आहे. त्यावर मी बोलणं बरं नव्हे."

आता द्या मार्क! आप्पा जन्मले ते मुंबई इलाख्यात. १९५० नंतर तेच घर मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ला सकाळी उठून बघतात तर म्हैसूर राज्यात. १९७३ साली त्याचं कर्नाटक झालं. मधे महाजन आयोग नेमला गेला, त्याचा १९६७चा अहवाल महाराष्ट्रानं फेटाळला. २००४ साली महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, दावा अजून चालूच आहे. आप्पांचा उंबरा या सगळ्यात एक इंचही सरकला नाही. एवढं सगळं तारीखवार सांगणाऱ्या माणसाला विसराळू कसं म्हणायचं?

त्याच परीक्षेत एकमेकांत घुसलेले दोन पंचकोन काढायला सांगतात. आप्पांनी झकास काढले आणि मधल्या सामाईक तुकड्यावर पेन टेकवून विचारलं, "हा भाग कुणाचा?" मग भाची म्हणाली, मनानं एक वाक्य लिहा. वाक्य कुठलंही चालतं, अर्थ लागला आणि कर्ता-क्रियापद असलं की झालं. आप्पांनी लिहिलं, "बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे." पूर्ण मार्क.

तेव्हा ठराव असा, की सीमाभागापुरता राज्याचा प्रश्न परीक्षेतून वगळावा, किंवा कोर्टाचा निकाल लागेपर्यंत दोन्ही उत्तरं ग्राह्य धरावीत. जाता जाता आणखी एक. आयसीएमआरनं स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचा भारतीय संच तयार केला, तो आधी पाच भाषांत केला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यात नाही. आप्पांना हे अजून सांगितलेलं नाही. रक्तदाब आहे त्यांना.

ठराव दुसरा भाषेचा, आणि तो मांडताना मला थोडं जपून बोलावं लागणार आहे. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना एकाहून जास्त भाषा बोलता येत होत्या, त्यांच्यात आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेचं तोंड न बघितलेल्यांतसुद्धा हा फरक होता, म्हणजे श्रेय निव्वळ शिक्षणाचं नव्हे. पुढं २०१६ साली त्यांनीच पक्षाघात झालेल्या ६०८ जणांची पाहणी केली. त्यांत बहुभाषकांपैकी चाळीस टक्क्यांची विचारशक्ती शाबूत राहिली होती. एकच भाषा येणाऱ्यांत हे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास होतं. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही आणि दुसरी भाषा आली म्हणून आजार टळतो असंही कुणी म्हणत नाही. पण असं का होत असावं, याचं एक कारण दिलं जातं. दोन भाषा डोक्यात एकाच वेळी जाग्या असतात, एका चुलीपाशी वावरणाऱ्या दोन जावांसारख्या. एकीचा हात चालू असताना दुसरीला थोपवून धरावं लागतं. या रोजच्या सांभाळण्यानं मेंदूला म्हणे चांगला व्यायाम होतो.

तसं असेल तर निपाणीचा आठवडी बाजार ही व्यायामशाळाच म्हणायची. संकेश्वरी मिरची विकणारी मावशी माझ्याशी मराठीत भाव करते, हुक्केरीकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये भांडते, व्यापाऱ्याला हिंदीत दटावते आणि पैसे मोजताना ओठांतल्या ओठांत मराठीवर येते. शेजारच्या अक्का सकाळी दारातून विचारतात, "ऊट आतेन्री?", म्हणजे जेवण झालं का. आमच्या घरातून उत्तर जातं, "झालं की, तुमचं?" दोन्हीकडं पोटभर समजतं. दुकानाच्या पाटीवर कुठली लिपी वर आणि कुठली खाली, यावर दगड उचलले जातात तेव्हाही बाजारात मिरचीचा भाव दोन्ही भाषांत ठरत असतो.

आमची मागणी आमच्या जागी आहे, ती मी सोडणार नाही. मराठी शाळा टिकावी, कागदपत्रं मराठीत मिळावीत, हा हक्कच आहे. पण शेजाऱ्याची भाषा येणं हा पराभव नव्हे, एवढं या परिषदेनं जाहीर करून टाकावं. दोन्ही बाजूच्या पुढाऱ्यांना आम्ही सांगून दमलो. डॉक्टरांचं कदाचित ऐकतील.

तिसऱ्या ठरावात थट्टा नाही. इकडं पक्षाघाताला "वारं गेलं" म्हणतात. अंगावरून वारं गेलं की गल्ली जमते. कुणी तेल चोळतो, कुणी कांदा हुंगवतो, एखादा कबुतराचं रक्त लावायला सांगतो. त्यातून सुटका झाली की दुसरी चर्चा: न्यायचं कुठं? एक म्हणतो कोल्हापूर, दुसरा बेळगाव, आणि एक जुनं खोड असतंच, जे म्हणतं, "मिरजेला न्या, मिरजेसारखं हॉस्पिटल नाही." मग कार्ड कुठलं चालेल, हा तिसरा अंक. २०२३ साली महाराष्ट्रानं आपली आरोग्य योजना इकडच्या ८६५ गावांना द्यायचं जाहीर केलं, त्याला कर्नाटकानं हरकत घेतली. तेव्हा हा विषय अर्धा तास सहज पुरतो.

मेंदूची मोठी रक्तवाहिनी गुठळीनं तुंबली, की मिनिटाला सरासरी १९ लाख पेशी मरतात, असा हिशोब मांडलेला आहे. म्हणजे आमच्या अर्ध्या तासाच्या चर्चासत्रात ५ कोटी ७० लाख पेशी गेल्या. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं, आणि तेही आधी सीटी स्कॅन करूनच; कारण गुठळीऐवजी रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेततं. निपाणीहून कोल्हापूर साधारण चाळीस किलोमीटर, बेळगाव पंचाहत्तरच्या आसपास, दोन्ही त्याच पुणे-बंगळूर हायवेवर. वातावरण तापलं की कोगनोळीच्या नाक्यावर पुढाऱ्यांच्या गाड्या अडवतात. ॲम्ब्युलन्सला वाट मिळते. वेळ जातो तो आपल्याच अंगणात.

भाचीनं तिन्ही ठराव वाचले आणि पहिले दोन घडी घालून पर्समध्ये टाकले. तिसऱ्याबद्दल म्हणाली, "मामा, हा परिषदेत नको, तुमच्या गल्लीत मांडा." म्हणून तो इथं मांडतो. तोंड एका बाजूला वाकडं झालं, हात उचलेना, जीभ जड झाली, यातलं एक जरी दिसलं तरी आधी घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवा. जिथं सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही आहे, असं जवळचं हॉस्पिटल आजच माहीत करून ठेवा आणि गाडी थेट तिकडं काढा. ते कुठल्या राज्यात आहे याची चौकशी नंतर करता येईल. इतकी वर्षं वाट बघितलेला निकाल ऐकायला माणूस शुद्धीवर असलेला बरा.