कार्डकाका

फोटो काढणारे काका प्रत्येक घराण्यात असतातच. मंगलाष्टकं सुरू झाली की थेट अंतरपाटाला नाक लावून उभे राहणारे आणि आपल्या पाठीमुळे साऱ्या मांडवाला लग्न दिसत नाही याची गंधवार्ता नसलेले. कार्डकाका त्यांतले नव्हेत. त्यांच्याकडेही कॅमेरा आहे, चांगला महागाचा आहे, पण तो कार्ड ठेवायची एक सोय म्हणून. फोटोंवर त्यांचा राग नाही. फक्त फोटो काढले की कार्ड झिजतं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

ही जमात बहुधा निवृत्तांची असते, आणि हिशेबाच्या खात्यांतून निवृत्त झालेल्यांची असेल तर विचारूच नका. आमचे डोंबिवलीचे कार्डकाका बँकेत कॅशियर होते. उभी हयात नोटा उजेडासमोर धरण्यात गेली. निवृत्तीनंतर ती नजर कशावर तरी रोखायला हवीच होती. ती मेमरी कार्डावर रोखली गेली आणि काकू सुटल्या.

"काका, किती जीबीचं घेऊ?" हा प्रश्न त्यांना सहज म्हणून विचारू नये. विचारलात, तर चहा यायच्या आत 1994 साल येतं. त्या साली कॉम्पॅक्टफ्लॅश आलं. त्यासाठी कॅमेऱ्याच्या पोटात 50 बारीक पिना असत आणि एखाद्या घिसाडघाई करणाऱ्याने कार्ड तिरकं दामटलं की त्यातली एक वाकायची. मग 1999 साली सॅनडिस्क, तोशिबा आणि पॅनासॉनिकवाल्यांनी मिळून एसडी आणलं. मधल्या काळात सोनीची मेमरी स्टिक झाली, 2002 साली ऑलिंपस आणि फुजीचं एक्सडी झालं. एक्सडीचा उल्लेख काका अजूनही 'कैलासवासी' लावून करतात. एकूण, चहा गार होतो आणि किती जीबीचं घ्यायचं ते राहूनच जातं.

कार्ड प्रत्यक्ष हातात दिलंत तर मात्र माणूस खुलतो. आधी चष्मा वर, मग भिंग. 32 बाय 24 मिलिमीटरच्या त्या तुकड्यावर कंपन्यांनी इतकी चिन्हं दाटून छापलेली असतात की काका ते पत्रिकेसारखंच वाचतात. "हा ठळक 170 दिसतोय ना, त्याला भुलू नकोस. तो वाचायचा वेग आहे. कार्डावरून फोटो बाहेर काढायचा. आत लिहायचा वेग त्याहून कमी, म्हणून तो ठळक छापत नाहीत. काय समजलास? आता कोपऱ्यातला हा व्ही बघ. व्ही30 म्हणजे सेकंदाला निदान 30 एमबी लिहिणारच, ही हमी. आणि हा इंग्रजी यू, त्याच्या पोटात 3. तोही 30च. सी10 म्हणजे 10." मग एकच गोष्ट दोनदा कशाला छापतात, असं मी एकदा विचारलं. "बँकेतसुद्धा रक्कम अक्षरी आणि अंकी लिहावी लागते," असं उत्तर मिळालं.

पुतण्याने नात्यातल्या एका बारशासाठी हौसेने व्ही90 आणलं, तेव्हा घरात सुतकी शांतता पसरली होती. काकांनी कार्ड पालथं केलं. मागे पितळी पट्ट्यांची दुसरी ओळ होती. पुतण्याच्या कॅमेऱ्यात त्या दुसऱ्या ओळीला भिडणारं काही नव्हतंच. म्हणजे कार्ड चालणार, पण जुन्याच वेगाने. "बाळाच्या बारशाला व्ही90! बाळ काय धावणार होतं?"

64 जीबीचं कार्ड संगणकावर 59 आणि काहीतरी दाखवतं, तेव्हा बाकीचे लोक दुकानदाराच्या नावाने शंख करतात. काका करत नाहीत. कंपनी हजाराने गुणते, संगणक 1024ने. दोघांचाही हिशेब चोख, पाढे तेवढे वेगळे. चोरीचा प्रकार निराळा असतो आणि तो त्यांना पाठ आहे. नकली कार्डात चिप असते 8 जीबीची, पण कॅमेऱ्याला ते बेधडक 64 सांगतं. फोटो निघत राहतात, फायलींची नावंही दिसतात. आठच्या पुढचे फोटो मात्र उघडतच नाहीत, कारण ते कुठे ठेवलेलेच नसतात. म्हणून फोर्टातल्या बोराबाजारातून रीतसर बिल घेऊन आणलेलं कार्डही काका एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या जर्मन प्रोग्रॅमला लावतात. तो अख्खं कार्ड काठोकाठ भरतो आणि भरलेलं सगळं परत वाचून ताडून बघतो. याला वेळ लागतो. तेवढ्या वेळात संगणकाला हात लावायचा नाही, घरात मिक्सर लावायचा नाही. मिक्सरचा संबंध काय, हे काकूंनी पहिली काही वर्षं विचारलं.

मग कॅमेऱ्यातली परीक्षा. कार्ड भरेपर्यंत फोटो काढायचे. कशाचे? समोर जे असेल त्याचे. समोर भिंतीवर कालनिर्णय असतं. काकांच्या छायाचित्रणाचा हा प्रमुख विषय आहे. एका चतुर्थीवर त्यांचे इतके फोटो असतील की गणपतीलाही संकोच वाटावा.

त्यांचे नियम घरातल्या पोरांना रामरक्षेसारखे म्हणता येतात. फॉर्मॅट कॅमेऱ्यातच मारायचा, संगणकावर नाही. एकेक फोटो पुसत बसायचं नाही. लाल दिवा लुकलुकत असताना झाकण उघडायचं नाही. डबीत रिकामं कार्ड सुलटं, भरलेलं पालथं. आणि हळदीच्या दिवशी कार्डाला हात लावायचा तो काकांनीच. एका हळदीत ते संध्याकाळपर्यंत दोन्ही हात खिशात घालून हिंडले आणि नवऱ्यामुलाला हळद न लावताच परतले. मुलाची आई अजून बोलत नाही. मला विचाराल तर यातलं मिक्सर सोडून बाकी सगळं बरोबर आहे. अशा माणसाचा खरा त्रास तोच असतो.

एकदाच मी त्यांना हादरलेलं पाहिलं. एसडी कार्डाच्या कडेला ते इवलंसं लॉकचं बटण असतं ना, ते खाली सरकवलं की कार्ड पुसता येत नाही, या भरवशावर काका निर्धास्त झोपत. पुढे त्यांना कळलं की बटण कुठल्या अवस्थेत आहे, हे कार्डाला स्वतःला ठाऊकच नसतं. कॅमेरा किंवा रीडर ते बघतो आणि मान राखतो, इतकंच. "म्हणजे कडी घातली आहे की नाही, हे चोराने बघायचं?" काका दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यांचा मोठेपणा दिसला तो पुतण्याच्या लग्नानंतर. घरच्या कॅमेऱ्यातले सीमांतपूजनाचे फोटो उतरवून घ्यायच्या आतच कोणीतरी कार्ड फॉर्मॅट केलं. रडारड झाली. काका शांत. "कोणी हात लावू नका. एकही नवा फोटो काढू नका. साध्या फॉर्मॅटने अनुक्रमणिका जाते, पानं तिथेच असतात. वरून नवं काही लिहिलं की मग पानं जातात." त्यांनी फोटोरेक नावाचा फुकटातला प्रोग्रॅम लावला आणि रात्रभर खुर्ची सोडली नाही. सकाळी सीमांतपूजन परत आलं. विहीण, व्याही, रुसलेले मामा, सगळे.

आता या प्रोग्रॅमची गंमत अशी, की त्याला जुनं-नवं कळत नाही. पुसलेलं जे जे सापडेल ते तो वर काढतो आणि फायलींना आपल्याच मनाची नावं देतो. त्याच कार्डावर गेल्या वर्षीचे काही फोटो होते. पुतण्या तेव्हा कंपनीच्या ट्रेनिंगला हैदराबादला गेला होता, अशी घरी समजूत होती. हैदराबादला समुद्र नाही. शॅकही नाहीत.

काकांना यातलं काही दिसलं नाही, कारण फोटोत काय आहे हे ते बघत नाहीत. फायली किती, उघडतात किती, एवढंच ताडतात. सगळ्या उघडल्या. मग नियमाप्रमाणे तीन प्रती झाल्या. एक संगणकावर. एक वेगळ्या हार्ड डिस्कवर. तिसरी घराबाहेर, शक्यतो परगावी ठेवायची असते. इथे पूर आला, आग लागली तरी डेटा शाबूत राहावा म्हणून.

"साताऱ्याला पाठवून दिली, तुझ्या सासुरवाडीला," म्हणत काकांनी कुरिअरची पावती पुतण्याच्या हातात ठेवली. "सासऱ्यांना फोनही केलाय. म्हटलं, एकूण एक फाईल स्वतः उघडून तपासा."