गुलमर्गचं प्लास्टर

प्लास्टर ना? हो, आमच्याच चिरंजीवांचं. डावं मनगट. काल गाडीतून उतरला तेव्हापासून अर्धी गल्ली गेटपाशी डोकावून गेली, तुम्हीच तेवढा धीर धरलात. या जरा इकडे, जास्वंदीच्या बाजूला. आत ऐकू जायला नको. बर्फाच्या डोंगरावरून फळीवर घसरताना मोडलं, असं ऐकलंत ना? ते त्यानंच पसरवलंय. खरं काय झालं ते मी सांगते, पण क्रमानं ऐका, वहिनी. मधलं गाळलं तर मजा नाही.

स्नोबोर्डिंगचं खूळ त्याच्या डोक्यात कधीपासूनचं. हिंजवडीच्या ऑफिसात बसायचं आणि मोबाइलवर बर्फातल्या उड्या बघायच्या. पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरचं नाव काढलं की माझी बहीण देव पाण्यात घालून बसते. पण हा गुलमर्गची तिकिटं काढून मोकळा, आम्हा दोघांचीसुद्धा. म्हणाला, आई, तुम्ही नुसतं बघा आणि जेवा. म्हटलं, जेवायला आमची कधी ना होती?

श्रीनगरहून गाडीनं टंगमर्गला पोचलो. तिथून वर जेमतेम 13 किलोमीटर, पण बर्फ पडला असेल तर चाकांना साखळ्या बांधल्याशिवाय गाडी वर सोडत नाहीत. साखळ्या बांधेपर्यंत गाडीभोवती गराडा पडतो. गमबूट घ्या, ओव्हरकोट घ्या, वर मिळणार नाही! ह्यांना तर घासाघीस म्हणजे पर्वणी. भाव निम्म्यावर आणला, लढाई जिंकल्यासारखा कोट चढवला, तर बाही कोपराखाली येईना. बदलून मागितला तर तो पोरगा हसून म्हणतो, मोठ्या मापाचा रेट अलग है. निम्म्यातले वाचवलेले सगळे तिथेच गेले.

पुढं सगळी वळणं चढेपर्यंत ह्यांचा इतिहासाचा तास. मास्तरकी सुटली तरी सवय सुटते का? या जागेचं आधीचं नाव गौरीमर्ग, ते युसूफ शाह चकनं बदललं. मग जहांगीर बादशहानं इथं 21 जातींची फुलं गोळा केली. मग 1927 साली इंग्रजांनी इथं स्की क्लब काढला. बाहेर पुरुषभर बर्फ, आणि हे काच पुसून बादशहाची फुलं कुठं असतील ते दाखवतायत! मुलगा आणि सूनबाई कधीच झोपले होते. मी आपली हुं हुं करत राहिले.

आता ती फळी कशी असते ते ऐका, म्हणजे पुढचं कळेल. स्कीला दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात दोन काठ्या असतात. स्नोबोर्डला सगळी मिळून एकच फळी. तिच्यावर दोन्ही पाय आडवे जखडून टाकतात, आणि काठीबिठी काही नाही. तोल गेला की पाय पुढं टाकून सावरायची सोयच नाही, मग माणूस हात टेकतो. म्हणून स्कीवाल्यांचे गुडघे जातात आणि बोर्डवाल्यांची मनगटं. हे मला तिथल्या शिकवणाऱ्या मुलानं सांगितलं. विशी-बाविशीचा, गाल सफरचंदासारखे. पहिला धडाच पडायचा. पुढं पडलात तर मुठी मिटून कोपरापासूनच्या हातावर पडा, मागं पडलात तर बैठकीवर, पण पंजा उघडा टाकू नका. चार चारदा म्हणवून घेतलंन.

कुणाचा कुठला पाय पुढं ठेवायचा, हे कसं ठरवतात माहितीये? पाठीमागून हलकेच ढकलायचं. जो पाय आपसूक पुढं येतो तो फळीवर पुढं. त्या मुलानं सूनबाईला ढकललं, चिरंजीवांना ढकललं, आणि त्याच ओघात शेजारी कोटाच्या बाह्या ओढत उभ्या असलेल्या ह्यांनाही ढकललं. हे गर्रकन वळले ते भांडायच्या पवित्र्यातच. पोरगा शांतपणे म्हणाला, अंकल, आपका दायाँ पैर आगे. ह्यांना काही शिकायचं नव्हतं हो! पण त्या दिवसापासून जिना उतरतानासुद्धा उजवा पाय पुढं टाकतायत.

सूनबाईचं मात्र कौतुक करायला हवं. हो, मीच म्हणतेय. गावभर सांगू नका, पण म्हणतेय. ती त्या मुलाच्या हाताखाली गुमान राहिली. खालच्या सोप्या उतारावर टाचांकडची कड बर्फात रुतवायची आणि आडवं आडवं घसरायचं, थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं. गळणारं पान जसं तरंगत खाली येतं तसं, त्याला ते म्हणतातही पान असंच काहीतरी. पडायची, कपडे झटकायची, पुन्हा वर चढायची. आमच्या मुलाला हा सगळा बालवर्ग वाटला. अर्ध्या दिवसात त्यानं शिकवणीला रामराम ठोकला, कारण व्हिडिओत त्यानं सगळं बघितलेलं. दुपारपर्यंत इतक्या वेळा पडला की स्लेजवाले त्याला नावानं हाक मारायला लागले. हे स्लेजवाले म्हणजे लाकडी पाट बर्फावरून ओढत माणसं नेतात ते. उतारावर तो माणूस पुढं बसतो आणि आपण त्याला मागून धरायचं. मी धरलं. काय करणार, डोळे मिटल्यावर जे हाताला लागेल ते धरायचं!

मग निघाला गोंडोला. केबल कार हो. खालचा टप्पा 1998 मध्ये सुरू झाला आणि वरचा 2005 मध्ये, यंत्रणा फ्रान्सच्या पोमागाल्स्की कंपनीची. गुलमर्ग मुळातच 2,650 मीटरवर. पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, तिथं 3,000 मीटर ओलांडलेले असतात. दुसरा थेट अफरवटच्या खांद्यावर, 3,900 च्या पुढं. वारं सुटलं की वरचा टप्पा बंद. मी कोंगदोरीलाच उतरले, चार पावलांत धाप लागली. ह्यांना मॅगी दिसली, मला कहवा दिसला, आम्ही तिथंच बसलो.

चिरंजीव म्हणाले, आम्ही फेज टू.

वहिनी, तो वरचा डोंगर म्हणजे परदेशातल्या सिनेमात दिसतात तसा इस्त्री केलेला उतार नाही. रोलर फिरवून बर्फ दाबलाय, दोन्ही बाजूंनी दोऱ्या लावल्यात, असलं तिथं काही नाही. जसा पडला तसा भुसभुशीत बर्फ, आणि त्याच्यासाठीच गोरे लोक जगभरातून येतात. येतात तेही तयारीनं. अंगावर सिग्नल देणारं यंत्र, पाठीवर फावडं आणि घडीची लांब काठी, म्हणजे कुणी गाडलं गेलं तर शोधून उकरता यावं. असे जाणते लोकसुद्धा गेलेत. फेब्रुवारी 2023 मध्ये हिमस्खलनात दोघं पोलिश, फेब्रुवारी 2024 मध्ये एक रशियन. हे मला कहव्याच्या दुसऱ्या कपाला कळलं, मुलगा वर गेल्यानंतर. तो कप मी तसाच ठेवला.

नशीब, सूनबाईनं हट्टानं गाइड घेतला होता. स्वतः ती वरून गोंडोलानंच परत आली. म्हणाली, आई, हे अजून मला जमणार नाही. आणि आमचे वीर उतरले. मऊ बर्फात वजन मागच्या पायावर ठेवायचं असतं, हे व्हिडिओत बहुतेक नव्हतं. फळीचं नाक बर्फात घुसलं आणि साहेब कोलांटी घेऊन आडवे. त्यातून शहाणपण असं की उठायला सोपं जावं म्हणून फळी पायांतून काढली. अहो, तीच तर वर तरंगवत होती! काढल्याबरोबर कमरेपर्यंत आत. जितकी धडपड करावी तितका खाली. गाइडनं फावड्यानं उकरून काढला. एक हातमोजा तिथंच राहिला, उन्हाळ्यात गुराख्याला मिळेल. खाली आला तेव्हा भुवयांवर बर्फ, ओठ निळे, आणि वर म्हणतो कसा, आई, जबरदस्त होतं!

नाही, नाही, तिथं नाही मोडलं. तेच तर सांगतेय.

त्या संध्याकाळी वाझवान होतं, म्हणजे काश्मिरी मेजवानी. हॉटेलात आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. सकाळी मागच्या बाजूनं धपधप आवाज आला म्हणून मी शाल गुंडाळून बघायला गेले. त्यांचा वाझा, म्हणजे तिथला आचारी, दगडावर मटण ठेवून लाकडी मोगरीनं कुटत होता. खिमा नव्हे हं, मशीन नाहीच. चरबी घालून घालून लोण्यासारखं होईपर्यंत कुटायचं, मग त्याचे गोळे. लाल रश्श्यातले ते रिस्ता, दह्याच्या पांढऱ्या रश्श्यातले ते गुश्ताबा. मी कोल्हापूरची लेक, लाल बघितल्यावर मिरची किती ते विचारलं. तर म्हणाला, रंग मिरचीचा कमी, मावलचा जास्त. मावल म्हणजे आपला कोंबडा हो, दारातला! त्या फुलांचा अर्क काढून घालतात.

तर रात्री खोलीतून जेवणघराकडं निघालो. मधला रस्ता दिवसा झाडलेला, संध्याकाळी पुन्हा गोठलेला, आरशासारखा. आम्ही म्हातारे गमबूट घालून एकमेकांना धरून बगळ्यासारखे. चिरंजीव पुण्याचे स्पोर्ट शूज घालून, एका हातात मोबाइल, अफरवटवरचा स्वतःचा व्हिडिओ आम्हाला दाखवत, उलटे चालतायत. घसरले. मोबाइल वर धरला, तो वाचला. डावा हात टेकला. पंजा उघडा.

सूनबाई आधी धावली, हात बघितला, आणि मग एवढंच म्हणाली, मूठ मिटायची होती ना रे.

हॉटेलवाल्यांनी डॉक्टर बोलावले. त्यांनी फळी बांधून हात गळ्यात अडकवला, गोळी दिली. रात्री बर्फात खाली जाण्यात अर्थ नाही, सकाळी श्रीनगरला एक्स-रे काढा म्हणाले. तोवर वाझवान तयार. मी विचारलं, काय करायचं? तर रुग्ण म्हणाला, उजवा हात चांगला आहे.

आता वाझवान कसं वाढतात ते ऐका. बसल्या जागी तांब्याचं भांडं आणि तस्त घेऊन येतात, हातावर कोमट पाणी घालतात. मग येते त्रामी. परातीएवढं नक्षीचं तांब्याचं ताट, वर झाकण. काढलं की भाताचा डोंगर, त्यावर सीख कबाब, तळलेल्या बरगड्या, त्यांचं नाव तबक माझ, आणि मेथी माझ. पण ताट एकच, चौघांत मिळून! आपापल्या समोरच्या भागातून खायचं. वहिनी, माझा हात हवेतच राहिला. माझ्या सासूबाई सासऱ्यांच्या पंगतीला कधी बसल्या नाहीत, मी बसले ती लग्नानंतर कितीतरी वर्षांनी. आणि इथं सासरा आणि सून एका ताटात! उष्टं, खरकटं, सगळं शास्त्र डोळ्यांपुढं उभं राहिलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सूनबाईनं तबक माझची एक बरगडी उचलली, एका हातानं तुटत नाही म्हणून नवऱ्याला मोडून दिली, दुसरी सासऱ्यांच्या भागात सरकवली. ह्यांनी ती खाल्ली आणि आपल्या भागातला सीख कबाब तिच्याकडं ढकलला. मग मी काय उपाशी राहू? बसले बाई.

वाझा मागून येऊन एकेक पदार्थ भातावर घालत जातो. रिस्ता, रोगनजोश, धनिवाल कोर्मा. पोट भरलं म्हणावं तर पुढचा डाव तयार. सगळ्यात शेवटी गुश्ताबा. तो आला की जेवण संपलं समजायचं, आणि त्याला नाही म्हणणं वाईट दिसतं. आपला पांढरा रस्सा नारळ-काजूचा, हा नुसत्या दह्याचा, आंबट अजिबात नाही. गोळा ओठांनी तुटत होता. पांढऱ्या रश्श्याची मी माहेरी बढाई मारते ती यापुढं जरा जपून मारीन.

ह्यांचंही थोडं सांगून टाकते. दुसऱ्या दिवशी श्रीनगरात प्लास्टर वाळेपर्यंत समोर चहा सांगितला. आला गुलाबी. ह्यांना वाटलं गुलाबाचं सरबत घातलंय, मोठा घोट घेतला. नून चाय, मिठाचा! पानं सोडा घालून उकळतात, मग दूध आणि मीठ. त्यांनी गिळला, पण चेहरा बघायला हवा होतात.

तुमचा नातू जायचं म्हणतोय ना? मग त्याला नीट सांगा. डिसेंबरात नको. 21 डिसेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत तिथला चिल्लई कलान, थंडी कडक असते, पण बर्फाचा हल्ली भरवसा नाही. जानेवारी 2024 ला गुलमर्ग कोरडं पडलं होतं, आणि 2025 ला तर हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. निघायच्या आधी बर्फ पडलाय का ते विचारायचं. गोंडोलाचं तिकीट आधीच ऑनलाइन काढायचं. मनगटाचे गार्ड इथूनच न्यायचे. फेज टू शेवटी, आणि गाइड असेल तरच. तुम्ही माळकरी, त्यामुळे त्रामी नको, पण नदरू यखनी मागा, कमळाच्या देठांची, आणि हाक म्हणून पालेभाजी. दोन्ही तुम्हाला चालतील. आणि वहिनी, चांगल्या तळाचे बूट घेऊन द्या त्याला. बोर्डासाठी नव्हे, जेवायला जाण्यासाठी.