चौथ्या मिनिटाला काय होतं?

यात्रेतला हगामा. नारळाच्या कुस्त्या आटोपल्या, मोठी जोड लागली, हलगी कडाडली. पोराचे दंड बघूनच मैदानाने शिट्ट्या मारल्या. पहिल्या मिनिटाला त्याने पट काढला, दुसऱ्या मिनिटाला समोरच्याला रेटत कडेपर्यंत नेलं. चौथ्या मिनिटाला दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, छातीचा भाता झालेला. समोरच्या सडपातळ गड्याने कब्जा घेतला आणि घिस्सा मारला. चितपट.

लोक म्हणाले, नशीब.

कसलं नशीब? दम संपला!

मॅटवरची कुस्ती तीन-तीन मिनिटांची, मध्ये ३० सेकंदांचा विसावा. नुसती रेटारेटी करत वेळ काढणाऱ्या मल्लावर फ्रीस्टाइलमध्ये पंच ३० सेकंदांचं घड्याळ लावतात. तेवढ्यात कुणालाच गुण घेता आला नाही, तर एक गुण समोरच्याला. डाव न बसताही कुस्ती हातची जाते. हे पोरांना कुणी सांगतं का?

खुराक विचारा, गावाला तोंडपाठ. दूध, तूप, बदाम, थंडाई. पळतोस किती, दोर किती वेळा चढतोस, झोपतोस किती, हे विचारा. शांतता. काही ठिकाणी तर सुईच्या गोष्टी कानावर येतात. सुईने दंड फुगेल. पुढे हृदयाचं काय?

आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेचा हर्षवर्धन सदगीर बघा. जानेवारी २०२० मध्ये बालेवाडीत महाराष्ट्र केसरीची अंतिम लढत, समोर शैलेश शेळके. दोघेही वस्ताद काका पवारांचे पठ्ठे, एकमेकांचे डाव पाठ असलेले. निकाल ३-२. एका गुणाची गदा. आणि जिंकल्यावर हर्षवर्धनने हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं.

एवढ्या झुंजीनंतर दुसरा पैलवान उचलायला अंगात काय उरावं लागतं?

मात्र तो लढला नाशिककडून. त्याला घडवलं नाशिकच्या आणि पुण्याच्या तालमींनी. आपण काय केलं? २०२५ मध्ये दोन महिन्यांत दोन महाराष्ट्र केसरी भरवले. एक वाडिया पार्कला, एक कर्जतला. संघटना दोन, गदा दोन. वाडिया पार्कात पंचांच्या निकालावरून राडा झाला आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. ऐन उमेदीतली तीन वर्षं!

खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कुस्तीचं कांस्य आणलं. महाराष्ट्राला पुढचं वैयक्तिक ऑलिंपिक पदक ७२ वर्षांनी मिळालं. तेही नेमबाजीत.

हगाम्यातल्या त्या पोराला नंतर गाठलं. म्हटलं, पहाटे पळतोस का रे?

"कुठं पळू काका? रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या असतात."

आणि हे मैदान?

"यात्रेपुरतं साफ करतात. एरवी बाभळीचे काटे."