जोर कुठं द्यायचा?

(रंगमंचावर एकच खुर्ची. कलाकार वरची अदृश्य कडी धरून हेलकावे खातोय.)

नागपूर मेट्रो. प्रजापती नगर ते लोकमान्य नगर, ॲक्वा मार्ग. ११ डिसेंबर २०२२ ला तो पुरा सुरू झाला, आणि तेव्हापासून इंग्रजीच्या एका निवृत्त सरांना फिरता वर्ग मिळाला.

समोरचा पोरगा फोनवर आपलं स्टेशन ओरडून सांगतो, "काऊन बे, टेलिफोन एक्सचेंजले आहो ना मी!"

सरांचे कान टवकारतात. पोरानं जोर 'एक्स'वर दिलाय. "चेंज! चेंज!" सर गरजतात. शेजारच्या काकू घाबरून पिशव्या उचलतात. त्यांना वाटतं, गाडी बदलायची!

(खुर्चीवर चढतो.)

सर आता सुटलेच. टेलिफोन म्हणताना जोर पहिल्या तुकड्यावर, 'टे'वर. टेलिफोनी म्हटलं की 'ले'वर, अन् बिचारा 'टे' दबून नुसता 'ट' उरतो. टेलिफॉनिकमध्ये जोर 'फॉ'वर, कारण शेवटी 'इक' आला की जोर बहुतेक वेळा त्याच्या लगेच आधी बसतो.

"म्हंजे जोर बी एकेक स्टेशन पुढं जाऊन राहिला का, सर?"

सर खूश. इतका हुशार विद्यार्थी त्यांना नोकरीत भेटला नव्हता.

तेवढ्यात झाशी राणी चौक जातो आणि घोषणा होते: इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स. सरांना परमानंद! "टाळ्यांनी मोजा. इन्, स्टि, ट्यू, शन!" सगळा डबा टाळ्या वाजवतो. कोपऱ्यातले आजोबा आरती धरतात.

"पण सर, अक्षरं तर पाच हायेत. इ, न्स्टि, ट्यू, श, न."

खरी गोम इथंच आहे. आपण लिहिलेली अक्षरं मोजतो. इंग्रजीत कानाला ऐकू येणारे तुकडे मोजायचे. 'शन' एका टाळीत संपतो, आणि जोर त्याच्या आधीच्या 'ट्यू'वर. इंजिनीअर्सचा मात्र शेवटी, 'नीअर्स'वर. आपण 'इं'वर आपटतो.

मराठीत जोर कुठंही द्या, अर्थ हलत नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड'च्या पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर ती नोंद, दुसऱ्यावर दिला तर नोंदवणं. पोरगा हे मोबाइलवर रेकॉर्ड करतो. जोर? अर्थात पहिल्यावर! सर डोक्याला हात लावतात.

(प्रेक्षकांकडे वळून)

घरी ऑक्सफर्डचा शब्दकोश असेल तर शब्दापुढचा उच्चार पाहा. जोराच्या तुकड्याआधी, वरच्या बाजूला, एक बारीक उभी रेघ असते. 'इंजिनीअर' काढा, ती 'नी'च्या आधी दिसेल.